पहिलं पान

टेबलाच्या डाव्या खणात माझी एक चित्रांची वही आहे. काळ्या पुठ्ठ्याची, जाड, किंचित खरखरीत कागदाची. तीन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं घेतली. तिचं पहिलं पान अजून कोरं आहे.

यावरून कुणी मला आळशी म्हटलं तर मी भांडेन. आळशी माणूस स्वस्थ पडून असतो. मी कुठे स्वस्थ असते? चित्र काढायचंच म्हणून बसले, त्या दिवशी मी पाच पेन्सिलींना टोकं काढली, तीही ब्लेडनं, एचबीपासून सिक्सबीपर्यंत ओळीनं. तिसऱ्या पेन्सिलीला ब्लेडवर गंज दिसला, म्हणून नवं ब्लेड शोधायला खण उपसला. खणात जुन्या पावत्या निघाल्या, त्या तारखेवारी लावल्या. पेन्सिलींची सालपटं गोळा केली, टेबल पुसलं. तोवर उजेड गेला. आणि दिव्याखाली चित्र काढायला बसू नये, असं मी कुठंतरी वाचलं होतं. (नव्हतं वाचलं. पण त्या घटकेला अगदी वाचल्यासारखं आठवलं.)

‘चालढकल’ या शब्दातच बघा ना, चालणंही आहे आणि ढकलणंही. दोन्ही कष्टाचीच कामं. ‘आरंभशूर’ ही शिवी मात्र मला लागत नाही, कारण त्यासाठी निदान आरंभ तरी करावा लागतो.

सिरवा आणि पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2013 साली मांडलं, की टाळाटाळ ही मुळात वेळ सांभाळण्याची अडचण नसतेच, मूड सांभाळण्याची असते. काम समोर आलं की आत काहीतरी टोचतं. कधी कंटाळा, कधी भीती, कधी ‘आपल्याला जमणार आहे का?’ ते टोचणं आत्ताच्या आत्ता थांबावं म्हणून आपण काम पुढं सरकवतो आणि बिल उद्याच्या आपल्या नावावर फाडतो. हे वाचून मला इतकं बरं वाटलं, की ती संध्याकाळ मी या विषयावरचं आणखी वाचण्यातच घालवली.

ही ‘उद्याची मी’ फार गुणी बाई आहे. पहाटे उठते, हात स्थिर, डोकं शांत. आजवर भेट मात्र झालेली नाही. दर सकाळी उठून बसते ती मीच.

आणि सोमवार! नवा आठवडा, नवा महिना, नवं वर्ष उजाडलं की माणसं व्यायामशाळेकडे जास्त वळतात, हे 2014 च्या एका अभ्यासात आकड्यांनिशी दिसलं. जुनं खातं मिटलं, आता नवी पाटी, असं वाटतं म्हणे. वाटतं खरंच. पण तीन वर्षांत दीडशेच्या वर सोमवार येतात, आणि ते सगळे माझ्या पाटीवरून नुसते चालत गेले.

कार्यालयातलं काम कसंबसं होतं, कारण तिथं कुणीतरी विचारणारं असतं. चित्राबद्दल कोण विचारणार? मिळेल तेवढ्या वेळात काम फुगत जातं, असं पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश लेखकानं 1955 मध्ये चेष्टेनं लिहून ठेवलंय. मला तर उरलेल्या आयुष्याची मुदत होती.

मग एक दिवस एका मदत क्रमांकावर फोन लावला. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं सांगून त्यांनी मला वीस मिनिटं संगीत ऐकवलं. हातात पेन्सिल होती, पुढ्यात एक रिकामं पाकीट आणि माझा चष्मा. चष्म्याची एक काडी जरा वाकलेली आहे. ती वाकडी काडी पाकिटावर उतरवता उतरवता लक्षात आलं, की भिंगाची सावली सगळीकडे सारखी काळी नसते. तिच्यात मधेच उजेडाचा एक ठिपका पडतो. रोज नाकावर असलेली वस्तू, आणि हे कधी दिसलं नव्हतं. तक्रार सुटली नाही. चष्मा मात्र बऱ्यापैकी चष्म्यासारखा दिसत होता.

त्या रात्री वही काढली. पहिलं पान उघडलं आणि ते नेहमीचं टोचलं. इतका सुंदर कागद, त्यावर माझी वाकडी रेघ? म्हणून वही उलटी केली आणि शेवटच्या पानावर कात्री काढली. शेवटचं पान कोण बघतंय!

तेव्हापासून रात्री एक वस्तू, दहा मिनिटं. घड्याळ, किल्ली, चपलेचा अंगठा. टोक काढलेलं असो की बोथट, जी हाताला लागेल ती पेन्सिल. मधे नऊ दिवस वही उघडलीच नाही, पण दहाव्या दिवशी उघडली, तीही गुरुवारी. काल नेलकटर घेतलं होतं. त्याची वर उचललेली दांडी काही केल्या उभी दिसेना. तीनदा खोडलं, कागदाची लव निघाली, तरी ते माशाच्या सांगाड्यासारखंच राहिलं. शेवटाकडून एकोणिसावं पान.

पहिल्या पानाचं काय करायचं, ते बघू पुढं.