गादी बदलायची की वर टॉपर टाकायचा?

मार्चमध्ये भाचीच्या लग्नाला चोपड्याला गेलो होतो. कार्यालयात सतरंजीवर टाकलेल्या पातळ गाद्या, वर भाड्याच्या चादरी, शेजारी कोणाची तरी रडणारी पोरं. अशा दोन रात्री काढल्या आणि दोन्ही सकाळी मी सरळ उठले. जळगावला घरी परतल्यावर दुसऱ्याच सकाळी पुन्हा तेच: कंबरेला हात लावून, भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरापर्यंत जायचं आणि चहा उकळेपर्यंत हळूहळू सरळ व्हायचं. तासाभरात सगळं ठीक. शाळेत दिवसभर उभी असते, तेव्हा काही होत नाही. दुखणं फक्त झोपून उठल्यावरचं.

"तुमचं वय झालं," असं धाकटा म्हणाला. मी मात्र गादीकडे बघायला लागले.

आमची गादी २०११ ची, घर बांधलं तेव्हा घेतलेली. साडेसहा बाय पाच फूट, पाच इंची, आत रबर मारलेला नारळाचा काथ्या आणि वर फोमचा पातळ थर. तेव्हा सगळीकडे काथ्याचीच चलती होती. घेताना दुकानदाराने दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करा, असं बजावलं होतं. चौदा वर्षांत आम्ही ते किती वेळा केलं असेल? एकदाही नाही. आता केलं, तर ह्यांच्या वजनाने झालेला खड्डा माझ्या वाट्याला आला. ह्यांचं वजन ऐंशीच्या पुढे, माझं साठच्या आत. ती एक रात्र पुरली, सकाळी गादी पुन्हा जागेवर.

नवी गादी म्हणजे पंधरा-वीस हजार, टॉपर, म्हणजे आहे त्याच गादीवर टाकायचा मऊ थर, पाच-सहा हजारांत. साहजिकच घरातला कौल टॉपरच्या बाजूने होता. पण माझ्या जाऊबाईंकडे दोन इंची मेमरी फोमचा टॉपर होता, आणि त्या महिनाभर मुलाकडे पुण्याला निघाल्या होत्या. मी तो उसना मागून घेतला. या सगळ्या प्रकरणातलं माझं सर्वांत शहाणपणाचं काम हेच, असं मला अजून वाटतं.

पहिल्या रात्री मी ह्यांना म्हणाले, "उद्याच ऑर्डर करा." इतकं छान वाटलं होतं. खांदा आत रुततो, कंबरेखाली मऊ काहीतरी लागतं, कूस बदलताना करकर नाही. चार-पाच दिवस मजेत गेले. आठवड्यानंतर सकाळचं भिंत धरणं परत सुरू झालं. शिवाय एप्रिल लागला होता. जळगावचा एप्रिल ज्याने काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होतो, तोच त्याचा गुण. पण खोलीच मुळात भट्टी झालेली असेल तर तो आधीपासूनच मऊ पडलेला असतो. आपण त्यात रुतत जातो, आणि जिथे रुततो तिथे हवा खेळत नाही. कूलरचं तोंड माझ्याकडे वळवूनही पाठ ओली. पुढे एका दुकानदाराने मला हा फोम "अंतराळवीरांसाठी बनवलेला" म्हणून ऐकवला. खरं म्हणजे १९६६ मध्ये नासाच्या एका कामातून तो निघाला, विमानाच्या आसनांच्या गाद्यांसाठी. त्या विमानाला जळगावच्या गच्चीखाली झोपायचं नव्हतं.

पण मला उकाड्यापेक्षा वेगळा प्रश्न पडला होता. पहिले चार दिवस बरं का वाटलं आणि नंतर का नाही? एका रविवारी आम्ही सगळं अंथरूण काढलं. कंबर येते त्या ठिकाणी गादीच्या या काठापासून त्या काठापर्यंत सुतळी ताणून धरली आणि धाकट्याने खाली फूटपट्टी उभी लावली. ह्यांच्या बाजूला साडेचार सेंटिमीटर खोल, माझ्या बाजूला तीन. मधोमध एक उंचवटा, जणू बांध घातलाय. मग टॉपर टाकून पुन्हा मोजलं. ह्यांच्या बाजूला चार! म्हणजे दोन इंच जाडीचा फोम टाकून भरून निघालं होतं जेमतेम अर्धा सेंटिमीटर. खड्ड्यावर चादर टाकली तर चादर खड्ड्यात उतरते. टॉपरने तेच केलं होतं, जरा जाड अंगाने. त्याने वरचा स्पर्श बदलला, खालचा आकार तसाच ठेवला. मी पहिले चार दिवस खूश होते ती त्या स्पर्शावर.

जाऊबाईंना त्याच टॉपरने आराम पडतो, कारण त्यांचं दुखणं उलटं आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी 'ऑर्थोपेडिक' म्हणून घेतलेली गादी फळीसारखी कडक निघाली. सपाट, पण कडक. तिथे वर मऊ थर टाकणं हेच बरोबर.

गादी गेली असं ठरवून मी मोकळी होणार होते, पण धाकट्याच्या हातात सुतळी होतीच. तो म्हणाला, "आई, गादी खाली फरशीवर टाकून मोजू." टाकली. ह्यांच्या बाजूला अडीच सेंटिमीटर! बाकीचे दोन गेले कुठे? मग रिकाम्या पलंगाच्या फळीवर सुतळी धरली, आणि ते दोन तिथे सापडले.

आमचा पलंग सामान ठेवायच्या पेटीचा. वर बारा एमएमच्या प्लायची दोन मोठी झाकणं, कडेने चौकट आणि मधे एक उभी फळी. झाकणाच्या पोटाला आधार काही नाही. चौदा वर्षं रोज रात्री तिथेच वजन पडून दोन्ही झाकणं परातीसारखी खोलगट झाली होती. मधला बांध गादीतला नव्हता, तो त्या उभ्या फळीचा होता. आतल्या रजयांवर तपकिरी भुसा साचलेला होता. काथ्यावरचं रबर वाळलं की तो असा झडायला लागतो. तो भुसा मी दर दिवाळीला झाडत होते आणि लाकडाला कीड लागली असेल असं समजत होते.

सुताराला बोलावलं. त्याने झाकणं उलटी केली, खाली सागाच्या आडव्या पट्ट्या मारल्या आणि मधे एकेक पाय दिला. दीड हजार रुपये, अर्धा दिवस. "भाभी, हे आधीच करायला हवं होतं, प्लाय एवढा पातळ कोणी वापरला?" असं म्हणाला. पलंग त्याच्याच काकाने केलेला, म्हणून मी गप्प बसले.

नवी गादी आधी घेतली असती तर ती या परातीतच टाकली असती, हे नंतर लक्षात आलं आणि पोटात गोळा आला. बहुतेक वॉरंटीपत्रांत फळी सपाट हवी अशी अट असते, आणि खड्डा ठराविक खोलीच्या वर गेला तरच तक्रार धरतात. आमचं जुनं पत्र कपाटात सापडलं तेव्हा ते वाचून पाहिलं. मुदत केव्हाच संपलेली.

फळी सपाट झाल्यावर पंधरा दिवस जुन्याच गादीवर झोपलो. निम्मं दुखणं गेलं. निम्मं राहिलं, ते त्या अडीच सेंटिमीटरचं. तेव्हा कुठे गादी घ्यायचं पक्कं झालं.

मधल्या काळात फिजिओथेरपिस्ट ताईंनाही विचारलं. लहानपणापासून ऐकलेलं, पाठ दुखत असेल तर फळीवर झोपा. त्या म्हणाल्या, ते सरसकट खरं नाही. २००३ मध्ये स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता. मी कुशीवर झोपते. माझ्या खांद्याला थोडं मऊ हवं, कंबरेला आधार हवा. ह्यांना उताणं झोपून घोरायचं असतं, त्यांना कडकच आवडते.

दुकानात जाऊन झोपून बघा, असं सगळे सांगतात. साडी नेसून, भर बाजारात काचेच्या दारासमोर गादीवर कुशीवर पडणं म्हणजे काय ते मला विचारा. पण मी पडले, दहा मिनिटं, तीन गाद्यांवर. ह्यांनी तोवर रस्त्याकडे तोंड करून आपला माझ्याशी संबंध नसल्याचं दाखवलं.

एका दुकानात सगळं '४० डेन्सिटी' होतं. मी विज्ञान शिकवते, आणि डेन्सिटी म्हणजे घनता, एका घनमीटरचं किलोत वजन. एक फूट लांब, एक फूट रुंद, चार इंच जाड तुकडा ४० घनतेचा असेल तर साधारण ३८० ग्रॅम भरायला हवा. त्यांच्याकडे नेमका त्याच मापाचा नमुना होता. मी म्हटलं, शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवू या का? भरला २९५. म्हणजे एकतीसच्या आसपास. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा नमुना जुना आहे." असेल. आम्ही नमस्कार करून निघालो. एक मात्र तिथेच समजलं, की घनता म्हणजे कडकपणा नव्हे. जास्त घनतेचा फोम मऊ असू शकतो. घनतेवरून तो किती वर्षं बसणार नाही याचा अंदाज येतो.

शेवटी घेतली ती सहा इंची: खाली चार इंच रिबाँडेड, म्हणजे फोमच्या तुकड्यांना चिकटवून दाबून केलेला जड थर, आणि वर दोन इंच साधा फोम. उचलायला दोन माणसं लागतात. साडेचौदा हजार. ह्यांना पहिल्या रात्रीपासून पसंत. मला कंबरेला उत्तम, खांद्याला किंचित कडक.

इथे सासूबाई मध्ये पडल्या. त्या पहिल्यापासून या फोमपुराणावर नाराज होत्या. खान्देशात, कापसाच्या मुलखात राहून गादीत नारळ नाहीतर प्लॅस्टिक भरायचं, हे त्यांना पटतच नव्हतं. माझ्या लग्नात माहेरून आलेली कापसाची गादी वरच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेली होती, गाठी होऊन दगडासारखी झालेली. गल्लीत टेम्पोवर मशीन घेऊन येणारा पिंजारी थांबवून त्यांनी ती खाली काढायला लावली. पूर्वी पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार दुरून ऐकू यायचा. आता मशीनची घरघर आणि नाकातोंडात जाणारी पांढरी धूळ. अर्ध्या तासात तो दगड फुलून ढिगारा झाला. सासूबाईंनी समोर खुर्ची टाकून, अहिराणीत सूचना देत, त्यातला साडेपाच किलो कापूस मोजून घेतला आणि अडीच फूट रुंद, साडेसहा फूट लांब अशी पातळ गादी भरून घेतली. फक्त माझ्या बाजूपुरती. टाके जवळजवळ घालायला लावले, नाहीतर कापूस सरकतो.

म्हणजे टॉपर आलाच म्हणायचा. पण सपाटावर आला. महिन्यातून एकदा तो गच्चीवर उन्हात टाकायचा, संध्याकाळी काठीने झोडायचा, एवढीच कटकट. उन्हातून काढलेल्या त्या गादीवर पहिल्या रात्री जो वास येतो तो फोमला नाही. भिंत धरणं आता बंद आहे, पावसाळ्यात कधीतरी सोडून.

जुनी गादी घंटागाडीने घेतली नाही, भंगारवाल्याने हात जोडले. मग पट्ट्या मारायला आलेल्या त्याच सुताराने करवतीने तिचे तुकडे केले. पायाकडचा दोन फुटांचा भाग चौदा वर्षांनीही नव्यासारखा ताठ होता; तिथे कोणाचंच वजन कधी पडलं नव्हतं. तो आता शेतावरच्या बाकड्यावर आहे, जुन्या बेडशीटचा अभ्रा घालून.