शनिवारवाडा ते कात्रजचा बोगदा : दिव्यांच्या मागावर

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे पाहायचे असतील, तर दिवेलागणीनंतर जावे. हत्तींनी धडक देऊन दरवाजा फोडू नये म्हणून त्यांच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेले हे खिळे दिवसाउजेडी काहीसे सपाट वाटतात. मात्र खालून तिरका प्रकाश पडला, की प्रत्येक खिळ्याची सावली लाकडावर वर सरकते आणि त्याचे टोक ठसठशीत दिसू लागते. एवढ्यासाठी फार उजेड लागत नाही, तो नेमका पडावा लागतो.

एलईडीची खरी बचत मला इथे दिसते. जुना सोडियमचा दिवा चहूबाजूंनी प्रकाश फेकत असे. परावर्तक लावूनही त्यातला बराच आकाशात जाई. एलईडीची चिप एकाच बाजूला प्रकाश देते आणि भिंगाने तो झोत हवा तिथे वळवता येतो. रंगाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. 1732 साली पूर्ण झालेल्या या वाड्यातले बहुतेक लाकूडकाम 1828 च्या आगीत गेले. उरला तो काळा पाषाण आणि भाजकी वीट. या विटेवर 2700 ते 3000 केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) उबदार प्रकाशच शोभतो, कारण 6000 केल्विनच्या निळसर पांढऱ्या झोतात तिचा तांबूसपणा मरतो. वारसा वास्तूवर असा थंड उजेड पाडणे मला मनापासून खटकते. शिवाय एलईडी दिव्यांतून अतिनील किरण जवळजवळ निघत नाहीत; व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमधील भित्तिचित्रांसाठी 2014 साली सुमारे 7000 एलईडी बसवले गेले, त्यामागे रंगांना जपण्याचा हा विचारही होता.

कसबा पेठ स्थानकातून भुयारी मेट्रोने स्वारगेटला उतरलो. सूर्यप्रकाश कधीच न पोहोचणाऱ्या अशा स्थानकांत दिवे दिवसभर चालू ठेवावे लागतात, त्यामुळे तिथे वाचलेला प्रत्येक वॅट रोज कितीतरी तास वाचत राहतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, विद्युत देखभालीत उभी हयात घालवलेल्या एका काकांबरोबर कात्रजचा जुना घाट चढलो. लख्ख उन्हातून बोगद्याच्या तोंडाशी आले, की आत क्षणभर नुसता काळोख भासतो. डोळ्यांना सरावायला वेळ लागतो आणि वाहन तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून बोगद्यात दिवसा सर्वांत जास्त उजेड तोंडाशी ठेवावा, आत जाताना तो टप्प्याटप्प्याने कमी करावा आणि रात्री तोंडाचा उजेडही उतरवावा, असे काकांनी समजावले. सोडियमच्या दिव्यांनी हे साधणे अवघड असे, कारण ते पूर्ण तेजाने पेटायला काही मिनिटे घेत आणि एकदा विझले, की थंड झाल्याशिवाय पुन्हा लागत नसत. एलईडी क्षणात लागतो आणि हवा तेवढा मंदही होतो.

मात्र बोगदा कोणत्याही दिव्याची परीक्षाच पाहतो. काकांनी घाटातल्या जुन्या कामावरून काढून आणलेले एक फिटिंग गाडीतून बाहेर काढले. काचेवर डिझेलच्या धुराचा तेलकट काळा थर होता आणि मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत धूळ घट्ट बसलेली होती. ही पातीच दिव्याची उष्णता बाहेर टाकतात. ती बुजली, की आतले तापमान वाढते आणि आयुष्य घटते. “दिवा नाही रे जात, ड्रायव्हर जातो,” काका म्हणाले. विजेचा दाब एलईडीला सोसेल असा करून देणारा हा भाग उष्णतेपुढे आणि पावसाळी दमटपणापुढे आधी हार मानतो. फिटिंग धूळ-पाण्याला किती दाद देत नाही हे सांगणाऱ्या आयपी 65 या खुणेतला 6 हा आकडा धुळीपासून पूर्ण संरक्षण सांगतो आणि 5 पाण्याच्या फवाऱ्यापासून. पण झाकणाखालचे रबर कडक होऊन चिरले, की त्या खुणेला अर्थ उरत नाही. काकांच्या हातातल्या फिटिंगचे रबर नखाने तुटत होते, चिप्स मात्र शाबूत होत्या. ड्रायव्हर वेगळा काढून बदलता येत नसल्याने अख्खे फिटिंग भंगारात निघाले होते. घाटातल्या दिव्यांच्या निविदेत सुटा ड्रायव्हर आणि पाती साफ करण्याचे वेळापत्रक या दोन अटी घालायलाच हव्यात.