व्हाउचरवर काय लिहायचं

आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, खर्चाचं व्हाउचर गुलाबी कागदावर छापलेलं असतं. तारीख, रक्कम, ‘कोणास दिले’, ‘कशाबद्दल’ आणि खाली घेणाऱ्याची सही. ३४ वर्षं बँकेत काढून निवृत्त झालो, म्हणून पंचांनी, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांनी, मला खजिनदार केलं. पाळकसाहेबांच्या (पास्टरच्या) पगारापासून नाताळच्या मांडवापर्यंत सगळं मी या गुलाबी कागदावर लिहीत आलोय. गेल्या वर्षी एका व्हाउचरपाशी मात्र पेन अडलं. मधल्या दोन रकान्यांत खरं लिहावं, तर एका मुलीचं नाव दप्तरात जाणार. आणि खोटं लिहायची हाताला सवय नाही.

तिच्याबद्दल फार सांगणार नाही. अशा व्यक्तीची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून खुणाही बदलल्यात. आज ती तेविशीची आहे. तेरा वर्षांची असताना आमच्या मुलांच्या गायनवर्गाच्या सरांनी तिच्यावर अत्याचार केले. हे सर पाळक नव्हेत, पगारी माणूसही नव्हेत. पण बाजाची पेटी त्यांची, कॅरल राउंड (नाताळात घरोघरी गाणी म्हणत फिरणं) त्यांचा, आणि दान देताना हात सढळ. मंडळीत एवढं वजन पुरतं.

तिची आई आमच्याकडे आली ती संध्याकाळची. घोरपडीचं रेल्वे फाटक बंद होतं, उशीर झाला, म्हणून आधी त्याचीच माफी मागत बसली. मग म्हणाली, “दादा, जरा हिशेबाचं काम आहे.” मला वाटलं, वर्गणीची बाकी असेल. तिनं पर्समधून घडी घातलेल्या पावत्या काढल्या. समुपदेशकाची फी, एका बैठकीचे १,२०० रुपये, आठवड्याला एक बैठक. “मंडळीकडून काही होईल का?” एवढंच विचारलं. कशासाठी ते सांगायला तिला आणखी एक चहा लागला. माझी बायको तिच्याजवळ सरकून बसली आणि मी उगाच त्या पावत्यांची बेरीज करत राहिलो.

पंचांची सभा चार तास चालली. कोणी तिला खोटं ठरवलं नाही, हे आधी सांगतो. पण एकजण म्हणाले, दोघांना समोरासमोर बसवू, बायबलात मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तसंच सांगितलंय. भावानं अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला दाखव, हे ते वचन. आता त्याच अध्यायात नऊ वचनं वर लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधायची गोष्ट आहे, ती कोणाला आठवली नाही. मलाही घरी आल्यावर आठवली. सभेत मी गप्प होतो.

शेवटी ठराव झाला की मंडळी पैसे देईल. मात्र समुपदेशक आपल्यातल्याच असाव्यात (दुसऱ्या एका मंडळीतल्या पाळकांच्या पत्नीनं तसला कोर्स केलाय), आणि दर महिन्याला त्यांनी पंचांना ‘प्रगती’ कळवावी. मला तेव्हा यात काही खटकलं नाही. बँकेत कर्ज दिलं की त्याचा विनियोग तपासतातच.

ठराव मी तिच्या घरी नेला. तिनं पूर्ण वाचला आणि विचारलं, “काका, मी रडले किती, ते सभेत वाचून दाखवणार का?” मग म्हणाली, “क्षमा कर असं सांगायला तिघं येऊन गेले. चौथा माणूस माझ्या डोक्यात बसवायचाय तुम्हाला.”

मी कागद परत घेतला.

त्याच आठवड्यात शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. ती, तिची आई आणि फाइल धरायला मी. बाईला किंवा मुलाला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ही तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे आणि जन्म पुण्यात काढून मला ती ठाऊक नव्हती. वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी साल विचारलं, ते तिला आठवेना. मग आई म्हणाली, कॅरल राउंडला हिनं लाल स्वेटर घातला होता, तो मी त्याच वर्षी विणला, आणि त्याच वर्षी हिच्या बाबांची बदली झाली. असं करत करत २०१४ चा डिसेंबर ठरला. वकीलबाईंनी तारखेखाली रेघ मारली. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, म्हणजे हे प्रकरण त्यात बसत होतं. आणि ती आता सज्ञान असली तरी तक्रारीला मुदत नाही, हे केंद्र सरकारनं २०१८ मध्येच स्पष्ट केलंय.

मग त्यांनी मान वर करून मला विचारलं, “ते गृहस्थ अजून मुलांना शिकवतात?”

शिकवत होते. दर शनिवारी चार वाजता.

त्याच कायद्याचं कलम १९ त्यांनी मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. मुलावर असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं, त्यानं पोलिसांना कळवायलाच हवं. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर वर्षभरापर्यंत. ‘आधी मंडळीत बोलून बघू’ याला कायद्यात जागा नाही. संध्याकाळी मी पाळकसाहेबांना हे तसंच्या तसं सांगितलं. त्या शनिवारी गायनवर्ग भरला नाही. पेटीला कुलूप लागलं आणि त्याची किल्ली आजही माझ्या कपाटात आहे. पुढच्या आठवड्यात तिनं स्वतः तक्रार दिली. प्रकरण कोर्टात आहे, त्यामुळे त्याबद्दल इतकंच.

राहिला पैशाचा प्रश्न. माझी मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिला फोनवर सहज बोललो, तर म्हणाली, इथं चर्चमध्ये बायकांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला एक पत्रक लावलेलं असतं. अँग्लिकन आणि कॅथलिक चर्चनं मिळून २०२० मध्ये सेफ स्पेसेस नावाची मदतसेवा सुरू केली, त्याचं. पैसा चर्चचा, चालवणारी संस्था बाहेरची. कोणी फोन केला, काय बोललं, ते चर्चला कळत नाही. “आणि पत्रक दाराच्या आत का, ते कळलं ना बाबा? तिथं नंबर टिपून घेताना कोणी बघत नाही.”

पुढच्या सभेत मी एक पानी कागद नेला. मंडळीनं ४०,००० रुपये एका बाहेरच्या समुपदेशन केंद्राला आगाऊ द्यायचे. बिलात नाव नको, फक्त क्रमांक आणि बैठकांची संख्या. अहवाल नाही. आणि शेवटची ओळ: मंडळीविरुद्ध कोणी कोर्टात गेलं, तरी हे पैसे थांबणार नाहीत. बाकीचं वीस मिनिटांत मंजूर झालं, या एका ओळीला दोन तास लागले. “म्हणजे आपल्याच पैशानं आपल्यावर केस?” असा सवाल आला. मी म्हटलं, केस कोर्टात चालते, समुपदेशकाच्या खोलीत नाही. हे वाक्य मला आयत्या वेळी कसं सुचलं, देव जाणे. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो, तिथं काय दाखवणार, हाही प्रश्न आला. ‘समुपदेशन केंद्रास आगाऊ, ठरावाप्रमाणे’ असं दाखवणार. खरं आहे आणि पुरेसं आहे.

तिनं त्यातल्या तीनच बैठका वापरल्या. नंतर म्हणाली, “काका, राग मानू नका, त्या पैशाला चर्चचा वास येतो.” आता नोकरी लागलीय, स्वतःच भरते. राग आला नाही म्हणणं खोटं होईल. दोन दिवस आला होता.

उरलेली रक्कम परत मागवायची का, असं पंचांनी विचारलं. मी नको म्हटलं आणि एक पत्रक टाइप केलं. त्यात केंद्राचा फोन, मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, पोलिसांचा ११२, कायद्याच्या मदतीला १५१००, आणि रात्री-अपरात्री नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६. अठराच्या आतलं कोणी असेल तर केंद्रालाही पोलिसांना कळवावं लागतं, हे त्यात स्पष्ट लिहिलं, नंतर कोणाची फसगत नको. फलकावरून ते पत्रक दोनदा गायब झालं. तिसऱ्यांदा माझ्या बायकोनं बायकांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आत चिकटवलं, पुरुषांच्यात मी. तिथून अजून कोणी काढलेलं नाही.

गेल्या महिन्यात केंद्राचं बिल आलं. ‘क्रमांक १: ३ बैठका (पूर्वीच्या). क्रमांक २: १ बैठक.’

रविवारी उपासनेत मी ताट घेऊन बाकांमधून फिरत होतो. एकेक चेहरा बघायला लागलो आणि माझं मलाच लक्षात आलं. मग नजर ताटावर ठेवली, नोटा सरळ केल्या आणि पुढच्या बाकाकडे सरकलो. सोमवारी व्हाउचर फाडलं. कोणास दिले, कशाबद्दल, सगळं भरलं, सही केली.