बाबासो की बाबासाहेब? कोल्हापूरहून इंटरलाकेनला निघताना

स्वित्झर्लंडमधल्या थुन आणि ब्रिएन्झ या दोन तळ्यांच्या मधोमध इंटरलाकेन वसलंय. इथून डोंगराची रेल्वे धरली की 3454 मीटरवरच्या युंगफ्राउयोखला पोचता येतं. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या भागातून युरोपला निघालेल्या कुटुंबांचा इथे दोन-चार रात्रींचा मुक्काम बहुतेक ठरलेला असतो. बर्फाचे फोटो सगळेच टाकतात. त्या बर्फापर्यंत कोल्हापूरच्या माणसाला कुठली कागदं पोचवतात आणि कुठली अडवतात, ते मी इथे सविस्तर लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरतं: तुमच्या व्हिसाच्या अर्जावर निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं. त्याला ऊस बिल म्हणजे काय, पतसंस्था म्हणजे काय, हे माहीत असेलच असं नाही. तुमची फाईलच त्याला सगळं सांगणार आहे, आणि तिच्यातल्या दोन कागदांनी दोन गोष्टी सांगता कामा नयेत.

सुरुवात नावापासून. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर ‘बाबासो’, आधारवर ‘बाबासाहेब’, पॅनवर नुसतंच ‘बाबा’ आणि सातबाऱ्यावर आडनाव आधी, असं एकाच माणसाचं चार ठिकाणी चार प्रकारे लिहिलेलं असतं. आप्पासो, आण्णासो, तात्यासो यांचंही तेच. तलाठ्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि आपल्याला हा एकच माणूस आहे हे कळतं. परदेशी कार्यालयातल्या संगणकाला कळत नाही. पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच तिकिटावर, विम्यावर, हॉटेलच्या बुकिंगवर आणि बँकेच्या स्टेटमेंटवर यायला हवं. पासपोर्ट अजून काढायचा असेल तर आधी आधार आणि पॅन एकसारखे करून घ्या, मग अर्ज भरा. उलट क्रमाने गेलात तर एक दुरुस्ती तीनदा करावी लागते. पासपोर्ट झालेला असेल आणि बाकीचे कागद वेगळे असतील, तर ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून फाईलला लावा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर हे हमखास लागतं. बँकेत माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, हे फार वेळा दिसतं.

आडनावाचा रकाना मोकळा सोडू नका. एकच शब्द असलेलं नाव पासपोर्टवर असेल तर पुढे त्रास होतो. यूएईने नोव्हेंबर 2022 पासून अशा नावांच्या पर्यटक व्हिसावर निर्बंध आणले, आणि आपली युरोपची विमानं बऱ्याचदा तिकडूनच जातात.

पासपोर्टसाठी आता पुण्याला जावं लागत नाही. कोल्हापुरातच पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, वरचं कार्यालय पुण्याचं. 36 पानांच्या साध्या पासपोर्टला 1500 रुपये, 60 पानांच्या पासपोर्टला 2000, आणि तत्काळ हवा असेल तर वर आणखी 2000. नोकरीमुळे पुण्यात राहणाऱ्या मुलाने कोल्हापूरचा पत्ता दिला की पोलीस पडताळणीला घरी कोणी भेटत नाही आणि शेरा उलटा जातो. जिथे खरोखर राहता तोच सध्याचा पत्ता द्या. दहावीचं प्रमाणपत्र जोडायला विसरू नका. ते किंवा दुसरा पात्र पुरावा नसला तर पासपोर्टवर ‘इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असा शिक्का येतो आणि पुढे आखाती देशांत नोकरीला जाताना तो आडवा येतो. वयाची 50 वर्षं पूर्ण झालेल्यांना हा शिक्का लागत नाही.

आणखी एक, खास आपल्याकडचं. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगाकाठच्या घरांत कपाटं भिजली. पाणी शिरलेला, पानं चिकटलेली किंवा फोटोच्या पानाचं आवरण सुटलेला पासपोर्ट उन्हात वाळवून वापरू नका. तो खराब झालेला म्हणून नव्याने काढून घ्या. विमानतळावरच्या काउंटरवर तो नाकारला गेला तर व्हिसा असूनही प्रवास तिथेच संपतो.

आता शेंगेन व्हिसा. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर नेहमीची पासपोर्ट तपासणी नसलेल्या देशांच्या गटात, आहे. शेंगेनचे 29 देश, एकच व्हिसा, कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, हे जिथे जास्त रात्री काढणार त्यावर ठरतं. इंटरलाकेन 4, लुत्सर्न 2 आणि पॅरिस 4 असं असेल तर अर्ज स्वित्झर्लंडकडे, मग विमान आधी पॅरिसला उतरलं तरी. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. ‘अमक्या देशाचा व्हिसा सहज मिळतो’ म्हणून तिकडे अर्ज करणं आणि मुक्काम भलतीकडे करणं, हे सीमेवर हॉटेलच्या कागदांतून उघडं पडतं.

प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी 15 दिवस या मुदतीत अर्ज द्यायचा. निर्णयाला साधारण 15 दिवस, शंका आली तर 45 पर्यंत. मे महिन्यात जायचं असेल तर मी फेब्रुवारीच्या पुढे ढकलणार नाही, कारण उन्हाळ्याआधी अपॉइंटमेंट मिळणंच अवघड होतं. फी 11 जून 2024 पासून 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45, सहाच्या आतल्यांना काही नाही. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत येत नाही. फोटो 35 बाय 45 मिलिमीटर, पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं पूर्ण कोरी.

पैशांच्या पुराव्यावर मात्र थांबायला हवं, कारण कोल्हापूरची फाईल अडकते ती इथेच.

स्वित्झर्लंडचा हिशेब साधा आहे: माणशी दिवसाला सुमारे 100 फ्रँक हाताशी हवेत. रक्कम बहुतेकांकडे असते. ती दिसते कशी, हा खरा प्रश्न. पगारदाराच्या खात्यात महिन्याला ठरलेला आकडा जमा होतो. उसाच्या शेतकऱ्याच्या खात्यात हंगामात एकदम मोठी रक्कम येते आणि पुढे कित्येक महिने काहीच नाही. कायद्याने एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, 14 दिवसांत द्यायची असते, प्रत्यक्षात ती हप्त्यांत आणि मागेपुढे येते. अर्जाच्या तोंडावर कारखान्याचे सहा लाख जमा झाले, तर परक्या अधिकाऱ्याला ते उसने आणून दाखवलेले पैसे वाटू शकतात. म्हणून त्या नोंदीसमोर कारखान्याचं ऊस बिल लावा: टनेज, दर, तारीख, खाते क्रमांक. दर दहा दिवसांनी येणारं दूध बिल तर त्याहून उपयोगी, कारण ते वर्षभर नियमित दिसतं. सातबारा आणि आठ-अ डिजिटल सहीचे काढा आणि इंग्रजी भाषांतर सोबत द्या. नुसता मराठी सातबारा जोडणं म्हणजे वाचता न येणारा कागद वाढवणं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून बरेच जण विवरणपत्रच भरत नाहीत. भरा, आणि शेतीचं उत्पन्न त्यात दाखवा. मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं ही अशी एकच गोष्ट आहे जी कुठल्याही देशाच्या अधिकाऱ्याला समजते.

पतसंस्थेतली ठेव पुरवणी म्हणून चालेल, मुख्य पुरावा म्हणून नाही. व्यवहार बँकेच्या खात्यातून झालेले दिसावेत. सहकारी बँकेचं पासबुक झेरॉक्स करून देऊ नका. शाखेतून छापील स्टेटमेंट, प्रत्येक पानावर शिक्का आणि सही घ्या. शिरोलीतल्या फाउंड्रीवाल्याने उद्यम नोंदणी, जीएसटी आणि भागीदारीपत्र जोडावं. चालू खात्यासोबत स्वतःचं बचत खातंही द्यावं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी आणि इतर सरकारी नोकरांनी परदेशप्रवासाची परवानगी आणि ना हरकत पत्र आधी मागायला घ्यावं. टेबलावरून टेबलावर जायला त्या कागदाला व्हिसापेक्षा जास्त वेळ लागू शकतो.

हे सगळं एका पानाच्या इंग्रजी पत्रात बांधायचं: कोण जाणार, किती दिवस, खर्च कोण करणार, पैसा कुठून आला, आणि इथे मागे काय आहे ज्यासाठी परत यायचंय. उभं पीक, जनावरं, चालू कारखाना, मुलांची शाळा. ‘परत येण्याच्या हेतूबद्दल शंका’ हे नकारपत्रावरचं नेहमीचं कारण आहे, आणि त्याचं उत्तर आधीच द्यायचं असतं. मुलं एकाच पालकासोबत जाणार असतील तर दुसऱ्याचं नोटरी संमतीपत्र लागतं.

तिकीट आरक्षित केलेलं पुरतं, पूर्ण पैसे भरलेलं नको. पण खोटा पीएनआर देणाऱ्यांच्या नादी लागू नका. तपासणीत तो निघाला नाही तर खोटी माहिती दिल्याचा शेरा बसतो आणि पुढच्या अर्जांतही तो पिच्छा सोडत नाही. हॉटेल रद्द करता येणारं घ्या. विमा किमान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. घरात मधुमेह, रक्तदाब असलेले कोणी असतील तर ‘आधीचे आजार’ या कलमात काय लिहिलंय ते वाचा. व्हिसापुरता विमा आणि 3454 मीटरवर चक्कर आल्यावर उपयोगी पडणारा विमा एकच असेल असं नाही.

बोटांचे ठसे द्यायला पुण्याच्या व्हिसा अर्ज केंद्रात स्वतः जावं लागतं. पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, आणि महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे वेळेचा भरवसा धरू नये. सकाळची अपॉइंटमेंट असेल तर आदल्या दिवशी मुक्कामी जा. एकदा दिलेले ठसे 59 महिने चालतात. पासपोर्ट कुरिअरने घरी मागवता येतो.

पासपोर्ट हातात आला की स्टिकर नीट वाचा. ‘फ्रॉम’ आणि ‘अनटिल’ या तारखांच्या मध्ये जास्त दिवस दिसतात, म्हणून तेवढे दिवस राहता येतं असं समजू नका. राहायचे दिवस ‘ड्युरेशन ऑफ स्टे’ मध्ये असतात. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. 10 मे ला रात्री साडेअकराला झुरिकला उतरलात आणि 20 मे ला निघालात तर ते 11 दिवस झाले, 10 नाही. ‘नंबर ऑफ एंट्रीज’ समोर 01 असेल आणि मध्येच लंडनला जाऊन यायचं ठरवलं, तर परत शेंगेनमध्ये शिरता येणार नाही. ब्रिटन बाहेर आहे, त्याचा व्हिसा वेगळा.

सामानात काय भरता, हाही प्रवेशाच्या नियमांचाच भाग आहे. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून नेता येत नाहीत. म्हणजे सुकं मटण, तूप, पेढे, श्रीखंड घरीच ठेवा. चिवडा, चकली, भाजणी, गूळ, शेंगदाण्याची चटणी चालते. कांदा-लसूण मसाला युरोपात चालतो. पण येताजाता दुबईत मुक्काम असेल तर तो बाहेर काढा, कारण आपल्या मसाल्यात बहुतेक घरी खसखस असते आणि यूएईत खसखशीवर बंदी आहे. सिंगापूरलाही तेच. हा मसाला आहे, अफू नाही, हे तिथे समजावत बसण्याची वेळ कुणावरही येऊ नये. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. नोटांच्या रूपात परकीय चलन एका प्रवासाला 3000 डॉलरच्या किमतीपर्यंतच घेता येतं, बाकीचं फॉरेक्स कार्डवर घाला.

झुरिकच्या खिडकीवर व्हिसा असूनही प्रश्न होतात: किती दिवस, कुठे राहणार, परतीचं तिकीट. पहिल्या हॉटेलचा कागद, परतीचं तिकीट आणि विमा हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. आईवडिलांना इंग्रजी येत नसेल तर त्यांच्याकडे त्यांची स्वतःची वेगळी प्रत द्या, कारण रांगेत ते तुमच्यापासून वेगळे होऊ शकतात. 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने नवी ईईएस (एंट्री/एक्झिट सिस्टिम) पद्धत सुरू झाली आहे. शिक्क्याच्या जागी येण्याजाण्याची संगणकी नोंद होते, चेहऱ्याचा फोटो घेतात, आणि एक दिवस जास्त राहिलात तरी ते आपोआप कळतं. पुढे बाझेलमार्गे रेल्वेने पॅरिसला जाताना सहसा कोणी पासपोर्ट मागत नाही, तरी तो अंगाशी असू द्या. तपासणी कधीही होऊ शकते.

परत आल्यावर बोर्डिंग पास आणि हॉटेलची बिलं फाईलला लावून ठेवा. एप्रिल 2024 पासून भारतीयांसाठी नियम सोपा झालाय: तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा जाता येणारा व्हिसा मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. पण पासपोर्टची तेवढी मुदत शिल्लक हवी. नवा पासपोर्ट काढला तरी व्हिसा लावलेला जुना टाकून देऊ नका. पुढच्या अर्जाला तोही जोडायचा असतो.