बोपदेवनं जाऊन कात्रजनं परत: ८५ किलोमीटरचा रविवार

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी आणि आमच्या सोसायटीतले काका, दोघंच सायकलवर निघालो बिबवेवाडीतून, पहाटे सव्वापाचला. ठरले होते पाच जण, पण रात्री ग्रुपवर "डन डन" टाकणारे सकाळी फोन उचलत नाहीत हे आता पाठ झालंय. रूट असा: कोंढवा, येवलेवाडी, बोपदेव घाट, सासवड, नारायणपूर, बालाजी मंदिर, कापूरहोळ आणि मग हायवेच्या कडेनं शिंदेवाडी गाठून जुन्या कात्रज घाटातून घरी. माझ्या मीटरवर ८५ भरले.

पहिल्यांदा जाणाऱ्याला सगळे बोपदेवची भीती घालतात. मला विचाराल तर बोपदेव काहीच नाही हो. सकाळचा गारवा, ताजे पाय, चढ जेमतेम चारेक किलोमीटर. गोची अशी की तिथंच सगळा जोश संपवला तर दुपारी कात्रज वसूल करतो. मी दोन वर्षांपूर्वी हेच केलं होतं आणि शेवटी सायकल ढकलत आलो होतो. यावेळी काका पुढे, वय एकसष्ट, स्पीड तोच, गप्पा चालूच. "अरे, बोलत बोलत चढायचं, बोलता येईना झालं की लगेच गिअर हलका कर," म्हणाले आणि मग मला त्यांच्या मुलीच्या फ्लॅटच्या पझेशनची अख्खी स्टोरी ऐकावी लागली, पण माथ्यावर पोचलो तेव्हा धाप लागली नव्हती. फक्त घाटात उजाडल्यावरच शिरा, एकटे असाल तर नक्कीच. आम्ही येवलेवाडीत चहाला थांबून वेळ काढला.

माथ्यावरून पुढे भिवरी, बोपगाव, चांबळी असं करत सासवडपर्यंत बहुतेक उतारच आहे, मजा येते. या दिवसांत शेतं झेंडूनं पिवळी-केशरी झालेली असतात आणि फुलांचे टेम्पो पुण्याकडे सुसाट येत असतात, त्यांना वळणावर सायकल दिसतच नाही असं धरून चाला. सासवडात पोटभर मिसळ खाऊ नका. आम्ही पोहे-चहावर भागवलं, कऱ्हेकाठी संगमेश्वराच्या घाटावर दहा मिनिटं पाय पसरले आणि निघताना मी मार्केटजवळ एका मावशींकडून सहा सीताफळं घेतली. पुरंदरात येऊन सीताफळं न घेता परत जाणं जमत नाही मला. चार पिकलेली, दोन कच्ची. पिकलेली मागच्या बॅगेत ठेवली, याचं पुढे सांगतो.

सासवड ते नारायणपूर बारा-एक किलोमीटर, समोर पुरंदर आणि वज्रगड. रस्ता सपाट वाटतो पण हळूहळू चढतोय आणि वारा समोरून आला की वैताग येतो. नारायणपूरला एकमुखी दत्ताचं दर्शन घ्या, पण शेजारचं नारायणेश्वराचं जुनं दगडी देऊळ चुकवू नका, गर्दी सगळी दत्ताकडे असते त्यामुळे इथं निवांत बसता येतं. गुरुवारी आणि पौर्णिमेला मात्र या बाजूला सायकल घेऊन येऊच नका. पाण्याच्या बाटल्या इथेच भरा, ऑक्टोबरचं ऊन दहानंतर डोक्यात जातं. मी एका बाटलीत साधं पाणी आणि एकीत मीठ-साखर-लिंबू ठेवतो, ज्यांना क्रॅम्प्स येतात त्यांना फरक पडतो. आणि "आलोच आहोत तर गडावर पण जाऊ" हा विचार करू नका, तो चढ वेगळ्या दिवसाचा आहे.

नारायणपूर ते कापूरहोळ उतार मस्त. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, दाबा-सोडा करा. नंतर हायवे, साधारण वीस किलोमीटर, सगळ्यात बोअर भाग. सर्व्हिस रोड असेल तिथे सर्व्हिस रोडच धरा, फ्लायओव्हर आला की खालून जा.

शिवापूरच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. ट्यूब काढायला बॅगेत हात घातला तर पिकलेल्या सीताफळांचा पार लगदा, स्पेअर ट्यूब त्यात न्हालेली, पंपाच्या तोंडात बी. काका हसून हसून रस्त्याकडेला बसले. बाटलीतलं पाणी घालून ट्यूब धुतली, बसवली, पाचशे मीटरवर परत फुस्स. मग अक्कल आली. टायर आतून तपासलाच नव्हता. फुटलेल्या ट्रक टायरची केसासारखी बारीक तार असते, बाहेरून दिसत नाही, बोट फिरवलं तर बोटात घुसते, म्हणून रुमाल आतून गोल फिरवायचा, जिथे अडकेल तिथे तार. नेलकटरनं ओढून काढली. दुसरी ट्यूब काकांची वापरली. म्हणजे माणशी दोन ट्यूब न्या, पॅच किट वेगळं, आणि खायचं सामान वेगळ्या बॅगेत.

शिंदेवाडीला जुन्या घाटाचा फाटा नीट बघा, चुकला तर सरळ नव्या बोगद्याकडे जाल आणि तिथे सायकलवर जीव मुठीत येतो. घाट चढायला लागलो तेव्हा साडेबारा वाजलेले, सावली नाही, पाय संपलेले. दोनदा थांबलो, लाज वाटून घेतली नाही. जुन्या बोगद्यात शिरायच्या आधी मागचा लाइट चालू करा, आत अंधार आहे आणि गाड्या चिकटून जातात. बोगदा ओलांडला की खाली पुणं दिसतं, तिथून घरापर्यंत फारसं पेडल मारावं लागत नाही.

दोन कच्ची सीताफळं तेवढी शाबूत राहिली, ती तांदळाच्या डब्यात ठेवलीत. बॅगेतून अजून काळ्या बिया निघतायत.