टर्कीच्या खिम्याच्या काही नव्या वाटा

टर्की या पक्ष्याच्या मांसाच्या खिम्याबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात: तो कोरडा पडतो आणि त्याला स्वतःची अशी चव नसते. दोन्हींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे त्यातली कमी चरबी. मांसाची ओळखीची चव बऱ्याच अंशी चरबीतून येते आणि शिजताना तोंडाला जाणवणारा ओलावाही तीच टिकवून धरते. हे ठाऊक असूनही बहुतेक जण हा खिमा बीफच्या पाककृतीत, बीफच्याच मसाल्यात आणि तेवढाच वेळ शिजवतात व नंतर त्याला नावे ठेवतात. त्याला बीफची नक्कल करायला लावू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याचा सौम्यपणा हाच त्याचा गुण मानला, तर आंबट, सुगंधी आणि रसदार पदार्थांत तो इतर कोणत्याही खिम्यापेक्षा अधिक शोभून दिसतो.

खरेदी करताना पाकिटावरील चरबीचे प्रमाण अवश्य वाचावे. केवळ छातीच्या मांसाच्या खिम्यात चरबी जेमतेम १ टक्का असते आणि तो तव्यावर पाहता पाहता कोरडा होतो, तर मांडीचे मांस मिसळलेल्या खिम्यात ती ७ ते १५ टक्क्यांपर्यंत असते. मी जवळजवळ नेहमीच दुसरा निवडते. खिमा आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापलाच पाहिजे, कारण दळताना पृष्ठभागावरचे जिवाणू सगळीकडे मिसळतात. मात्र त्यापुढे शिजवण्यात काहीच लाभ नसतो. रंगावरून अंदाज बांधणे भरवशाचे नाही, म्हणून मांसात खुपसायचा छोटा थर्मामीटर हे मला या खिम्यासाठी सर्वांत उपयोगी साधन वाटते.

आता माझ्या सर्वांत आवडत्या पदार्थाकडे वळते. लाओस आणि ईशान्य थायलंडमध्ये ‘लाप’ नावाचा खिम्याचा एक पदार्थ करतात आणि त्याची रीत टर्कीसाठीच आखली असावी इतकी तिला जुळते. प्रथम दोन मोठे चमचे कच्चा चिकट तांदूळ कोरड्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत भाजायचा. सुरुवातीची काही मिनिटे काहीच घडत नाही, मग दाणे पांढरेफटक होतात, त्यानंतर पिवळसर आणि शेवटी गडद तांबूस; या टप्प्यावर भाजलेल्या धान्याचा खमंग वास येतो आणि तेव्हाच कढई उतरवायची. गार झाल्यावर तांदूळ खलबत्त्यात जाडसर कुटायचा, पीठ करायचे नाही. नंतर ५०० ग्रॅम खिमा तेलात न परतता तीन-चार मोठे चमचे पाण्यात, मध्यम आचेवर मोकळा करत शिजवायचा. कच्चेपणा गेला आणि पुरेसा तापला की लगेच आच बंद करायची आणि त्यातच लिंबाचा रस, फिश सॉस, मिरचीचा चुरा, पातळ चिरलेले छोटे कांदे, भरपूर पुदिना व कोथिंबीर घालून शेवटी तांदळाची भरड मिसळायची. मांसातून सुटलेला रस आणि लिंबाचा आंबटपणा ही भरड शोषून घेते आणि प्रत्येक घासाला चिकटवून ठेवते. येथे खमंग तांबूस करण्याचा हट्ट नाही, चरबीची गरज नाही, आणि सौम्य मांसामुळे पुदिना व लिंबू मोकळेपणाने बोलतात. कोबीच्या किंवा लेट्यूसच्या गार पानात हा गरम खिमा गुंडाळून खावा.

दुसरी वाट मोमोसारख्या वाफवलेल्या पदार्थांच्या सारणाची. मांसात मीठ घालून ते घोळले, की त्यातली काही प्रथिने विरघळतात आणि चिकट जाळे तयार करतात. हे जाळे पाणी धरून ठेवते. म्हणून ५०० ग्रॅम खिम्यात एक छोटा चमचा मीठ घालून एकाच दिशेने घोळावे आणि सुमारे १०० मिलिलिटर गार सूप तीन-चार वेळा थोडे थोडे करून त्यात जिरवावे. आधीचे सूप पूर्ण मुरल्याशिवाय पुढचे घालू नये. खिमा भांड्याच्या कडेला चिकटू लागला आणि बोटांना तंतू जाणवू लागले, की सारण तयार झाले असे समजावे. त्यात आले, कांद्याची पात, सोया सॉस आणि थोडे तिळाचे तेल पुरेसे होते. बर्गरच्या टिकियांसाठी मात्र याच्या नेमके उलट करावे: तेथे ही लवचीकता नको असते, म्हणून मीठ आत न मिसळता तव्यावर टाकण्याच्या क्षणी वरून भुरभुरावे आणि खिमा शक्य तितका कमी हाताळावा.

गोळे करायचे असतील तर दुधात भिजवून कुस्करलेला पाव हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे, कारण त्यातील स्टार्च ओलावा धरतो आणि प्रथिनांना एकमेकांना घट्ट आवळू देत नाही. त्याच्या जोडीला मी किसलेली झुकिनी घालते, तीही फार न पिळता, आणि असे गोळे तळण्याऐवजी मंद उकळत्या सूपमध्ये सोडते. बडीशेपेच्या पाल्यासारखा दिसणारा डिल आणि लिंबाची किसलेली साल यांची चव त्यांत फार खुलते. मशरूमचाही असाच उपयोग होतो: बारीक चिरून, पाणी आटेपर्यंत परतून, गार करून खिम्यात मिसळले, की मांसातली खोल चवीची उणीव भरून निघते. मशरूममधील ग्लुटामेट आणि मांसातील इनोसिनेट हे चव देणारे घटक एकत्र आल्यावर उमामी, म्हणजे खोल मांसल चव दोघांच्या बेरजेपेक्षाही तीव्र जाणवते, हेच त्यामागचे कारण आहे.

आणि ज्यांना कुरकुरीत, तांबूस खिमाच हवा आहे, त्यांच्यासाठीही मार्ग आहे. ५०० ग्रॅम खिम्याला पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवून चोळावा आणि पंधरा मिनिटे ठेवावा. सोड्यामुळे मांसाची आम्लता कमी होते, त्यामुळे ते शिजताना कमी पाणी सोडते आणि लवकर तांबूस होते. नंतर रुंद लोखंडी तवा चांगला तापवून, तेल घालून, खिमा एका थरात पसरावा आणि खालची बाजू तपकिरी होईपर्यंत त्याला हात लावू नये. सारखे ढवळले तर पाणी सुटते आणि खिमा स्वतःच्याच पाण्यात उकडला जातो. एकदा खरपूस झाला, की मोठे तुकडे राखून उलटावे आणि ठेचलेला लसूण व जिरे शेवटच्या मिनिटाला घालावे. पसरट ताटलीत लसूण घातलेले घट्ट दही पसरून त्यावर हा खिमा ओतावा आणि मिरचीचा चुरा घालून तापवलेले लोणी वरून सोडावे. दही खोलीच्या तापमानाला आलेले असावे, कारण थेट फ्रिजमधले दही खिमा क्षणात गार करते आणि लोणी गोठवते.