पाणी कितव्या पायरीपर्यंत आले होते?

माझ्या लघुपटाच्या पहिल्या मसुद्यात एक खुनी होता, एक सुरा होता आणि त्या खुन्याला छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, होता. आजाराविषयी तीन संवाद लिहिले होते आणि तिन्ही चुकीचे निघाले. ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंना मी ते वाचायला दिले, त्यांनी शांतपणे सांगितले की ‘छिन्न’ या शब्दामुळे एका देहात दोन माणसे राहतात असा पुष्कळांचा समज होतो. प्रत्यक्षात या आजारात विचार, भावना आणि वास्तवाची जाणीव यांचा मेळ सुटतो, दुभंगलेले व्यक्तिमत्त्व हा सर्वस्वी निराळा विकार आहे, आणि असे रुग्ण इतरांवर हात उगारण्यापेक्षा स्वतःच हिंसेला बळी पडण्याची शक्यता अधिक असते. मग त्यांनी विचारले, “हा आजारी आहे म्हणून खून करतो, की याने खून केला म्हणून तुम्ही याला आजारी ठरवलंत?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी मसुदा परत घेतला आणि सुऱ्यासकट रद्द केला.

त्यानंतरचे दोन महिने मी फक्त वाचन केले. त्यात मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा 1974 सालचा प्रयोग मनात घर करून राहिला. त्यांनी 150 विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची एक छोटी फिल्म दाखवली. पन्नास जणांना प्रश्न विचारला तो मोटारी एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता असा. दुसऱ्या पन्नास जणांना ‘आदळल्या’ऐवजी साधे ‘धडकल्या’ म्हटले, आणि उरलेल्यांना वेगाविषयी काहीच विचारले नाही. आठवड्याभराने सर्वांना विचारले, फुटलेल्या काचा पाहिल्यात का? पहिल्या गटातील 16 जण हो म्हणाले, दुसऱ्या गटातील 7. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. एका क्रियापदाने माणसाच्या डोळ्यांदेखत काच फुटते, याहून भयंकर गोष्ट मला सुऱ्याने सांगता आली नसती.

हा प्रयोग मराठीत आणायचा, तर क्रियापद कोणते? ते मला सराफ बाजाराजवळच्या आमच्या आत्याच्या वाड्यात सापडले. सप्टेंबर 2008 च्या गोदावरीच्या पुराची चौकशी करायला मी तिथे गेलो होतो. नाशिककर पूर फुटांत सांगत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर सांगतो: कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. वाड्यात मात्र माप पायऱ्यांचे. आत्या म्हणाली, पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आले होते. शेजारच्या काकूंच्या मते ते ओट्याला लागले होते. आणि आतेभाऊ म्हणाला की ते माजघरात शिरले होते, जरी त्या रात्री तो पुण्यात होता. माजघराच्या दाराचा विषय निघाला तेव्हा आत्या म्हणाली, “कडी लागली होती.” भाऊ लगेच म्हणाला, “लागली नव्हती, लावली होती.” एका अक्षराचा फरक, आणि घटनेत एक माणूस वाढला.

कथा तिथेच उभी राहिली. वाडा विकायला आलेले बहीण-भाऊ, पुराच्या रात्री माजघरात अडकून गेलेली आजी, आणि कागदपत्रे करायला आलेला एक वकील. तो सहजपणे विचारतो: कडी लागली होती का, कडी लावली होती का, कडी कोणी लावली? प्रत्येक प्रश्नानंतर तीच रात्र पडद्यावर पुन्हा दिसते, दर वेळी जराशी बदललेली. कडीवर कोणाचाही हात मात्र आम्ही एकदाही दाखवला नाही. तिसऱ्या वेळी तर कडीही दिसत नाही, फक्त तिचा आवाज येतो.

चित्रीकरण दोन रात्रींचे ठरले होते, त्यातली पहिली पाण्यात गेली. माजघरातल्या जुन्या ट्यूबलाइटचा प्रकाश मला हवाच होता. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ती नळी सेकंदाला 100 वेळा उजळते-मंदावते. कॅमेऱ्याचा शटर 1/50 सेकंदाचा ठेवला तर प्रत्येक चौकटीत बरोबर दोन उजाळे मावतात आणि प्रकाश स्थिर दिसतो. भाड्याने आणलेल्या कॅमेऱ्यावर तो 1/60 होता. छोट्या पडद्यावर कोणाच्याच लक्षात आले नाही. सकाळी संगणकावर पाहिले तेव्हा भिंतीवर पट्टे सरकत होते. दोष सर्वस्वी माझा, कारण तपासणीची वही माझ्याच हातात होती. सगळे दुसऱ्या रात्री पुन्हा केले, आणि खरे सांगायचे तर थकलेल्या नटांनी ते अधिक चांगले केले.

आवाजाने वेगळाच धडा दिला. पहाटे गोदाघाटावर जाऊन नदी ध्वनिमुद्रित केली, तर ऐकताना दूरवरच्या टाळ्या वाजल्यासारखे वाटले. शेवटी पितळी हंड्यात थेंब थेंब पाणी सोडून पूर उभा केला. कडीच्या आवाजासाठी अकरा वेळा कडी घातली.

तयार लघुपट एका मित्राच्या दिवाणखान्यात बारा जणांना दाखवला आणि नंतर एकच प्रश्न विचारला: कडी कोणी लावली? सात जण म्हणाले बहिणीने, चार जण भावाने. एका काकांनी तर हातातल्या हिरव्या बांगड्यांचेही वर्णन केले. मला कळेना असे फक्त एका मुलीने सांगितले, तेही संकोचून, जणू तिचेच लक्ष नव्हते.

पुराची खूण दिसावी म्हणून चित्रीकरणाआधी आम्ही वाड्याच्या भिंतीवर चौथ्या पायरीच्या उंचीला चहाचे पाणी आणि गेरू कालवून एक ओघळती रेघ काढली होती. ती पुसायची राहून गेली. दिवाळीत आत्याकडे गेलो, तेव्हा मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना ती त्या रेघेवर बोट ठेवून सांगत होती, “दोन हजार आठला पाणी इथवर आलं होतं. मी इथेच उभी होते.”